भाषांतराचे घर आणि इंग्रजीचा वर्ग

इंग्रजी हा मुख्य विषय घेऊन पदवी करणारी मुले-मुली आपल्या मोहल्ल्यांत आता विरळ राहिलेली नाहीत. त्यांच्यापुढे साधारण दोन वाटा असतात. बी. एड. करून इंग्रजीचा शिक्षक व्हायचे, किंवा भाषांतराची पदविका घेऊन वर्तमानपत्रात, बँकेत, कोर्टकचेरीत अनुवादकाचे काम शोधायचे. विद्यापीठांत या दोन्ही वाटांचे अभ्यासक्रम आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्यामध्ये भिंत आहे. शिक्षक होणाऱ्याला भाषांतर शिकवत नाहीत आणि अनुवादक होणाऱ्याला वर्ग दाखवत नाहीत. घरी दखनी, मदरशात अरबी हरफ, शाळेत उर्दू किंवा मराठी, बाजारात मराठी आणि नोकरीच्या अर्जावर इंग्रजी, असे ज्याचे रोजचे जगणे आहे त्याला ही भिंत फार महाग पडते.

आमच्या सराव पाठांच्या दिवसांतली गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाची शाळा, इयत्ता सहावी. धड्यात ‘हार्वेस्ट’ हा शब्द आला. पाठ टाचणात लिहिल्याप्रमाणे आम्ही चित्र दाखवले. चित्रात विळा हातात घेतलेली माणसे आणि पिवळे शेत होते. मुले म्हणाली, घास. पुन्हा चित्र, पुन्हा घास. शेवटी न राहवून आम्ही म्हटले, ‘फसल की कटाई’. तरी अर्धा वर्ग गप्पच. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, ‘सर, सुगी!’ आणि सगळ्या वर्गाचा चेहरा उजळला. उर्दू शाळेत, इंग्रजीच्या तासाला, मराठी शब्दाने अर्थ पोचवला. त्या दिवशी निरीक्षण वहीत आम्हाला लाल शाईत शेरा मिळाला : मातृभाषेचा वापर टाळावा.

ती वही आमच्याकडे अजून आहे. हा शेरा मारणाऱ्यांवर आमचा राग नाही. तेही जे शिकले तेच तपासत होते. पण ही लाल शाई आली कुठून, याचा माग काढता काढता आम्ही हैदराबादला पोहोचलो. मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद परके नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत त्याच राज्यात होते. आणि भाषांतरावर उभे राहिलेले विद्यापीठ हिंदुस्थानात याच शहरात झाले.

सन १९१७ मध्ये सर अकबर हैदरी यांनी निजाम मीर उस्मान अली खान यांना एक निवेदन सादर केले. परक्या भाषेतून शिकताना मुलाची निम्मी ताकद भाषेतच खर्च होते, म्हणून उच्च शिक्षण देशी भाषेतून द्यावे आणि इंग्रजी हा विषय मात्र सर्वांना सक्तीचा ठेवावा, असा त्याचा मथितार्थ होता. निजामांनी त्याच वर्षी फर्मान काढले. शिक्षण खात्याचे संचालक तेव्हा सर रॉस मसूद होते. सर सय्यद अहमद खानांचे हे नातू. ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी यांनाच अर्पण केली आहे. जपानने आपल्या भाषेतून आधुनिक विद्या कशी आणली, हे पाहायला मसूद पुढे जपानला जाऊन आले आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. खुद्द सर सय्यदांनी १८६४ साली गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली ती भाषांतरासाठीच. नंतर मात्र उच्च शिक्षण देशी भाषेतून होईल यावरचा त्यांचा विश्वास डळमळला. आजोबांनी अर्ध्यावर ठेवलेले काम नातवाच्या कारकिर्दीत पुरे झाले असे म्हणायला हरकत नाही.

उर्दूतून विद्यापीठ चालवायचे तर पुस्तके हवीत, आणि ती नव्हती. म्हणून वर्ग भरण्याच्या दोन वर्षे आधी, १९१७ मध्येच, ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतराचे घर उघडले गेले. विद्यापीठाच्या आधी भाषांतर खाते! पहिले वर्ग १९१९ मध्ये सुरू झाले. या घराचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. पुढे ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून सारे जग त्यांना ओळखू लागले. त्यावेळी ते औरंगाबादला शिक्षणाधिकारी होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालयही त्यांनी तिथेच आणले होते.

त्या घरात कोण नव्हते? ‘उमराव जान अदा’ लिहिणारे मिर्झा हादी रुसवा होते. सुरुवातीच्या काळात अब्दुल माजिद दर्याबादी होते. पुढे जोश मलिहाबादी आले आणि दहाएक वर्षे राहिले. भाषेवर शेवटची नजर फिरवायला नज्म तबातबाई होते. इंग्रज कवी ग्रे याच्या प्रसिद्ध विलापिकेचे ‘गोर-ए-गरीबां’ हे उर्दू रूप त्यांचेच. कवी आणि कादंबरीकार मंडळी रसायन, कायदा, स्थापत्य, शरीरशास्त्र यांची पुस्तके उर्दूत आणत होती. त्यांच्या हातून तीनशेंहून अधिक ग्रंथ छापून बाहेर पडले. डॉक्टर आणि इंजिनियर उर्दूतून शिकून तयार झाले, तेही इंग्रजीला न मुकता, कारण इंग्रजी प्रत्येकाला सक्तीची होती.

खरी कसोटी होती ती परिभाषेची. इकॉनॉमिक्सला काय म्हणायचे, सायकॉलॉजीला काय? समित्या बसल्या, एका बाजूला विषयाचे जाणकार आणि दुसऱ्या बाजूला भाषेचे. मआशियात, नफ्सियात, हयातियात हे आज उर्दू शाळेत सहज वापरले जाणारे शब्द त्या बैठकांतून रुळले. एका गटाचे म्हणणे होते की शब्द अरबीच्या नियमांनीच घडवावेत, कारण विद्येची भाषा ती. दुसऱ्या गटात वहीदुद्दीन सलीम होते. उर्दूची जडणघडण इथल्या मातीतली, तिचे स्वतःचे उपसर्ग-प्रत्यय आहेत, त्यांनीच शब्द घडवा, असा त्यांचा आग्रह. १९२१ च्या ‘वज्-ए-इस्तिलाहात’ या ग्रंथात त्यांनी शब्द पाडण्याची रीतच मांडून दाखवली. मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. आपल्याकडे शासनव्यवहाराचे शब्द संस्कृतातून घडवावेत की लोकांच्या तोंडचे घ्यावेत, यावर १९६० नंतर भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशाच्या निमित्ताने कमी का शाई सांडली? दोन्हीकडे टेबलावरचे पंडित जिंकले आणि बाजारातला माणूस जुनाच शब्द वापरत राहिला.

या कौतुकात एक उणीव मात्र लपून राहते. दारुल तर्जुमात भाषांतर होत होते, शिकवले जात नव्हते. पगारी अनुवादक नेमले जात, ग्रंथ पुरा करत, छापखान्यात देत. विद्यार्थ्याच्या हाती येई ते तयार पुस्तक. इंग्रजीच्या तासाला इंग्रजी, बाकीच्या तासांना उर्दू. या दोहोंमधला पूल अनुवादकाच्या खोलीत बांधला जाई आणि मुलाने त्यावरून नुसते चालायचे. इंग्रजीच्या विद्यार्थ्याने त्या खोलीत बसून कच्चा तर्जुमा करावा, तबातबाईंसारख्या उस्तादाने तो तपासावा, याला अभ्यासक्रमात जागा नव्हती.

असे होऊ शकत होते का? होऊ शकत होते, आणि त्याआधी झालेही होते. अल-अझहरचे तरुण आलिम रिफाआ अल-तहतावी १८२६ मध्ये इजिप्तच्या विद्यार्थ्यांच्या तुकडीबरोबर इमाम म्हणून पॅरिसला गेले, स्वतःच फ्रेंच शिकले, १८३१ मध्ये परतले, आणि १८३५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कैरोत भाषांची शाळा निघाली. ‘अल-अल्सुन’, म्हणजे जिभा, भाषा. तिथली मुले परकी भाषा शिकता शिकताच पुस्तके अरबीत आणत आणि तहतावी ती तपासत. भाषेचा वर्ग आणि भाषांतराचे घर एकाच छताखाली. पुढच्या सत्ताधीशाने ती शाळा बंद केली आणि तहतावींना सुदानात खार्तुमला धाडले. पण विसाव्या शतकात तिचे पुनरुज्जीवन झाले आणि आज ती ऐन शम्स विद्यापीठाची एक विद्याशाखा आहे. दूर कशाला, १८५७ पूर्वीच्या दिल्ली कॉलेजातही मास्टर रामचंद्रांसारखे शिक्षक आणि हुशार विद्यार्थीच भाषांतराला बसत. त्या कॉलेजाचा इतिहास अब्दुल हकांनीच पुढे ‘मरहूम दिल्ली कॉलेज’ या पुस्तकात लिहिला. म्हणजे नमुना त्यांना माहीत होता. तो उस्मानियात का उतरला नाही, हा प्रश्न आम्हाला नेहमी छळतो. एवढे ग्रंथ एवढ्या घाईने हवे होते की शिकाऊ हातांना वेळ देणे परवडले नसावे, असे आम्ही समजतो.

दुसरी उणीव याहून मोठी आहे आणि ती सांगताना आपण अवघडून जाऊ नये. निजामाच्या राज्यात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या जवळ होते, मराठी बोलणारे पावेक, आणि उर्दू मातृभाषा असलेले दहावा हिस्सा. इंग्रजीने मुलाची निम्मी ताकद खाल्ली हे ज्या निवेदनाने दाखवले, त्यानेच बहुसंख्य मुलांवर आणखी एक न बोलली जाणारी भाषा लादली. मराठी, तेलुगू, कन्नड विषय म्हणून शिकता येत. माध्यम म्हणून नाही. परभणीच्या शेतकऱ्याच्या मुलाला मआशियात आणि इकॉनॉमिक्स दोन्ही सारखेच परके होते. मराठवाड्यातला मुसलमान मुलगाही घरी ‘मेरे कू भूक लगी’ म्हणणारा. दारुल तर्जुमाची लखनवी वळणाची जबान त्यालाही चढण वाटे. १९३८ च्या अखेरीस वंदे मातरम् आंदोलनात औरंगाबाद आणि हैदराबादच्या कॉलेजांतून शेकडो विद्यार्थी काढले गेले. भांडण प्रार्थनेवरून पेटले होते, पण त्यात साठलेला असंतोष नुसत्या प्रार्थनेचा नव्हता. काढलेल्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. त्यात पी. व्ही. नरसिंह राव होते. हेच राव पुढे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ तेलुगूत घेऊन गेले. उस्मानियाने ज्यांना बाहेर काढले त्यांच्यातून असा भाषांतरकार निघाला!

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. उस्मानियाचे माध्यम बदलून इंग्रजी झाले आणि दारुल तर्जुमाचे काम थांबले. त्या काळात आपल्या घराघरांत काय घडले, ते इथे उगाळत नाही. शिक्षणापुरते सांगायचे तर उर्दूतून शिकलेल्या एका पिढीची विद्या एका सत्रात जुनी झाली. मुलांना आता इंग्रजीतून शिकायचे होते आणि इंग्रजी शिकवणारा तयार शिक्षक नव्हता.

त्याच शहरात १९५८ मध्ये सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाले, उस्मानियाच्या आवाराला लागूनच. योगायोग असा की मराठवाडा विद्यापीठही त्याच वर्षी, ऑगस्टात, औरंगाबादला सुरू झाले. इंग्रजीच्या संस्थेला ब्रिटिश कौन्सिल आणि फोर्ड फाउंडेशनचा हातभार होता. सुरुवातीच्या संचालकांत विनायक कृष्ण गोकाक होते. कन्नडचे हे मोठे कवी. फर्ग्युसनला आणि सांगलीच्या विलिंग्डनला शिकवलेले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले. १९७२ मध्ये संस्थेच्या नावात परकीय भाषा आल्या, १९७३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, २००७ मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ झाली. आज तिचे नाव इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी आहे. देशभरचे इंग्रजीचे शिक्षक तिथल्या पदविका घेऊन गेले आणि आपापल्या जिल्ह्यात त्यांनी इतरांना शिकवले.

या काळात इंग्रजी शिकवण्याची जगभर जी रीत होती, तिचे नाव रचनात्मक पद्धत. वाक्यांच्या रचना सोप्याकडून अवघडाकडे लावायच्या, प्रसंग उभा करायचा, तोंडी सराव करून घ्यायचा. जोडीला ध्वनिशास्त्र : जीभ कुठे लावायची, आघात कुठे द्यायचा, टेपवर स्वतःचा आवाज ऐकायचा. यात कामाचे पुष्कळ होते. आपल्या मुलांना ‘झू’ आणि ‘फॅन’ यांतले आवाज उर्दूमुळे आधीच साधलेले असतात, अडते ते ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होते तिथे, हे आम्हाला ध्वनिशास्त्रानेच शिकवले. पण या पद्धतीत मातृभाषा शक्यतो वर्गाबाहेर ठेवायची होती. याआधी शे-दीडशे वर्षे मराठी मुलगा इंग्रजी शिकला तो भाषांतर करत करत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांनी घोकली ती पिढी आजही तिचे नाव काढते. त्या रीतीत बोलणे कच्चे राहायचे, हे खरेच. नव्या पद्धतीने तो दोष काढताना भाषांतरालाच दारात उभे केले. डॉडसन यांनी १९६७ मध्ये वेल्समधल्या अनुभवावरून द्विभाषिक पद्धत मांडली, तिचे नाव आपल्या शिक्षण महाविद्यालयांच्या पुस्तकांत आले; प्रत्यक्ष वर्गात ती फारशी आली नाही. आमच्या वहीतल्या लाल शाईचा उगम आम्हाला इथे सापडला.

आणि हैदराबादेत घडले ते असे. भाषांतराच्या घरात भाषांतर शिकवले नाही, ते घर मिटले. इंग्रजीच्या घरात शिकवण्याचे शास्त्र बहरले, पण शिकणाऱ्याच्या भाषा उंबऱ्याबाहेर राहिल्या. दोन घरे एकाच शहरात, आणि एकमेकांना भेटली नाहीत, कारण एक मिटले आणि दहा वर्षांनी दुसरे उघडले.

भेट झाली ती बरीच उशिरा. हैदराबाद विद्यापीठात उपयोजित भाषाविज्ञान आणि भाषांतर या दोहोंचे मिळून एक केंद्र झाले. १९९८ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ सुरू झाले, त्यात भाषांतराचा विभाग आला, पदव्युत्तर अभ्यासक्रम आला, आणि पुस्तके उर्दूत आणण्याचे जुने कामही नव्याने सुरू झाले. इंग्रजीच्या त्या संस्थेतही भाषांतराभ्यास शिरला. २००८ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेत राष्ट्रीय अनुवाद मिशन निघाले. अभ्यासाचे ग्रंथ मराठी, उर्दूसह अनुसूचित भाषांत आणायचे हे त्याचे काम, म्हणजे दारुल तर्जुमाचेच काम, फक्त एका भाषेऐवजी अनेक. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात भाषांतर आणि दुभाषेपणासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्थेची शिफारस आहे. महाराष्ट्रात मात्र इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० सालच्या जूनमध्ये, उर्दू शाळांतही. पहिलीच्या मुलाला इंग्रजी शिकवायला जो शिक्षक उभा राहिला, तो या सगळ्या इतिहासाचा वारस होता आणि त्याला त्यातले काहीच कुणी सांगितले नव्हते.

आमचे मागणे मोठे नाही. इंग्रजी अध्यापनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात भाषांतराची एक सक्तीची पत्रिका असावी आणि भाषांतराच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक सत्र शाळेच्या वर्गात काढावे. आपल्या मुलांजवळ त्यासाठी लागणारा माल घरचाच आहे. मराठीतला ‘च’ दखनीने जसाच्या तसा उचलला आहे. मराठीत ‘मीच’, दखनीत ‘मैंच’. इंग्रजीत या एका अक्षरासाठी अख्खे वाक्य फिरवावे लागते किंवा आवाजावर जोर द्यावा लागतो. हा ‘च’ इंग्रजीत नेऊन दाखवा, असे सांगितले की व्याकरणाची चार प्रकरणे मुले स्वतःहून शोधून काढतात. मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला यावर मौलवी अब्दुल हकांनी १९३३ मध्ये उर्दूत पुस्तक लिहिले. मराठीने आपल्या उर्दूला काय दिले, याचे असे टिपण आपल्या मुलांनी का करू नये?

गेल्या काही वर्षांत आम्ही पदवीच्या मुलांना एक धडा देतो. अब्दुल हकांच्या ‘चंद हमअसर’मधला ‘नामदेव माली’. उर्दू माध्यमातल्या अनेकांनी तो वाचलेला असतो. बीबी का मकबऱ्याच्या बागेत काम करणारा, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेला हा माळी झाडांना लेकरांसारखे जपायचा आणि काम करता करताच मधमाश्यांच्या हल्ल्यात गेला. मुलांनी या धड्याचा एक उतारा इंग्रजीत करायचा आणि तोच मराठीतही करायचा. इंग्रजीला साधारण दोन तास लागतात. मराठीला आम्ही अर्धा तास ठेवला होता. मागच्या खेपेस एका मुलीने वही मिटून विचारले, ‘सर, नामदेव तर मराठीच बोलत असेल ना? मौलवीसाहेबांनी त्याचे ऐकले ते मराठीतून, लिहिले उर्दूत. मग मी आता भाषांतर करते आहे, की त्याचे बोलणे त्याला परत देते आहे?’

वर्गात कुणालाच उत्तर सुचले नाही. तास संपला तरी कुणी उठले नाही. शेवटी त्या मुलीनेच आपला उतारा वाचून दाखवला. नामदेवचे बोलणे तिने प्रमाण मराठीत लिहिले नव्हते; तिच्या आजीच्या शेजारच्या मळ्यात जशी मराठी बोलत, तशी लिहिली होती. दोन शब्दांवर आमचे एकमत झाले नाही. ते पुढच्या सोमवारच्या तासाला ठेवले आहेत.